दोन चुलींचा हिशेब : महाड-पोलादपूरचे देशांतर

महाड-पोलादपूरच्या बोलण्यात 'घर' आणि 'खोली' हे शब्द एकमेकांच्या जागी येत नाहीत. घर गावात, खोली मुंबईत. लालबाग-परळात तीस वर्षे काढलेला मनुष्य 'घरी जाऊन येतो' म्हणाला, की तो सावित्रीच्या खोऱ्याकडे निघालेला असतो, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बायकोमुलांना त्याने मुंबईत आणले तरी त्याला 'बिऱ्हाड केले' असे म्हणतात, आणि बिऱ्हाड ह्या शब्दात ते उचलण्याची सोय आधीपासूनच आहे. बिऱ्हाड पाठीवर घेता येते, घर येत नाही.

परदेशी जाण्यापूर्वी तिथला खर्च आणि इथला खर्च, तिथले राहणीमान आणि इथले राहणीमान ह्यांची तुलना करणे ही आज मध्यमवर्गीय घरांतली नित्याची बाब झाली आहे. घरभाडे, दूध, शाळेची फी, दवाखाना ह्यांचे दोन रकाने मांडायचे, आणि शेवटी बेरीज पाहायची. ह्या रीतीमागे एक गृहीत दडलेले आहे : जो कमावतो तोच खर्च करतो, आणि जिथे कमावतो तिथेच करतो, त्याचे सगळे जगणे एका जागी असते. महाड आणि पोलादपूर ह्या तालुक्यांचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हे गृहीत मोडणारा आहे. तिथल्या माणसाने हिशेब न करता पाऊल उचलले असे मुळीच नाही. उलट त्याने तो फार बारकाईने केला. पण तो हिशेब एका माणसाचा नव्हता, दोन चुलींचा होता. एक चूल परमुलखात, एक गावात. मजुरी एकीकडे, बाळंतपण दुसरीकडे. ह्या हिशेबात कोणते कलम कोणाच्या नावे पडले आणि कोणते लिहिलेच गेले नाही, तेवढे आम्हांला इथे पाहावयाचे आहे.

मराठी वाङ्मयात निघण्यापूर्वीचा हिशेब मोकळेपणाने मांडलेला आढळतो तो विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मध्ये. त्यांचे वरसई हे गाव पेण तालुक्यातले, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलेच. सत्तावनच्या बंडाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन म्हणून आपण हे पुस्तक वाचतो आणि शिकवतो. झाशीच्या प्रकरणापुढे त्याची पहिली पाने झाकोळून जातात. पण घराचे कर्ज त्या पहिल्या पानांतच आहे. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता तिथेच येते, दक्षिणेची आशा तिथेच धरली जाते, आणि तरण्या मुलाला एवढ्या लांबच्या मुलखात धाडावे की नाही ही वडिलांची धास्तीही तिथेच नोंदली जाते. मिळकतीचा अंदाज आणि धोक्याचा अंदाज असे दोन्ही रकाने आहेत. त्यांतला मिळकतीचा रकाना पुढे साफ खोटा ठरला. गोडसे लुटले गेले, आणि शेवटी घरी पोचले ते मुख्यतः गंगेची कावड घेऊन. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनातून १९६६ मध्ये पुढे आली.

आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की गोडशांना उत्तरेत स्थायिक व्हायचे नव्हते. वरसईच्या घराच्या जमाखर्चात पडलेले भगदाड बुजवण्यासाठी ते निघाले होते. तिकडचे जगणे इकडच्यापेक्षा बरे आहे काय, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. तिकडून इकडे काय आणता येईल, एवढाच प्रश्न होता. गोडसे वेदपाठी भिक्षुक ब्राह्मण. त्यांच्यानंतर ह्या जिल्ह्यातून निघालेले बहुसंख्य लोक कुणबी, मराठा, महार, मुसलमान. जात वेगळी, कामही वेगळे. हिशेबाचा साचा मात्र तोच राहिला.

तो तसा का राहिला हे कळण्यासाठी जमिनीकडे पाहावे लागते. महाड हे एके काळचे बंदर. सावित्री आणि गांधारी ह्यांच्या संगमाजवळ वसलेले, बाणकोटच्या खाडीने समुद्राशी आणि वरंध घाटाने भोरशी जोडलेले. पोलादपूर अधिक आत, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. कोकण म्हटले की मराठी कादंबरीला नारळी-पोफळी, खाडी आणि तर दिसू लागते, श्री. ना. पेंडशांनी दापोलीकडचा मुलूख अजरामर केला, पण पोलादपूरचे कोकण आपल्या कथात्म साहित्यात जवळजवळ आलेलेच नाही. तिथून समुद्र दिसत नाही. तिथे डोंगर आहेत, आणि डोंगरावरून वाहून जाणारे पाणी आहे. (पोलादपूरची ठळक वाङ्मयीन खूण म्हणजे 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधी, आणि तेही मूळचे नेवाशाचे!) वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या ह्या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. खोऱ्यातल्या चिंचोळ्या पट्टीत भात, आणि उतारावरच्या वरकस जमिनीत, राब भाजून, नाचणी नि वरी. त्यातही खोताचा वाटा : भाताचा निम्मा तो अर्धेल, वरकस पिकाचा तिसरा हिस्सा तो तिर्धेल. खोती रद्द करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडले ते १९३७ मध्ये, आणि कायदा झाला तो १९४९ मध्ये. तोवर अनेक पिढ्या गेल्या होत्या.

अशा ठिकाणी 'इथला खर्च' हा रकाना पैशात मांडताच येत नाही. तो महिन्यांत मांडावा लागतो. घरचे धान्य किती महिने पुरते आणि किती महिने पुरत नाही, एवढीच त्याची बेरीज. न पुरणाऱ्या महिन्यांसाठी घरातला एक पुरुष बाहेर पडे. तो गेला की घरातले एक तोंड कमी होई, हे कलमही हिशेबात जमेच्या बाजूला धरले जाई.

बाहेर पडायचे तर कोठे? एकोणिसाव्या शतकात ह्या प्रश्नाची काही उत्तरे सरकारी दरपत्रकासारखी स्पष्ट होती. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेत शिपायाचा पगार महिना ७ रुपये. हा आकडा शतकाचा बहुतेक काळ तसाच राहिला. १८९५ मध्ये तो ९ झाला आणि १९११ मध्ये ११. दुसरे उत्तर समुद्रापलीकडचे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर १८३४ पासून गिरमिट्ये मजूर जाऊ लागले. कराराचा दर महिना ५ रुपये, वर शिधा आणि कपडे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे पुष्कळ होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणवतात. आता ७ मोठे की ५? शिपायाला पोटाचा खर्च स्वतःच्या पगारातून करावा लागे, गिरमिट्याला शिधा मिळे. नुसत्या हातखर्चाची तुलना केली तर दोहोंत फार अंतर उरत नाही. पण शिपायाला रजा होती आणि पेन्शन होते. तो गावाच्या चुलीला बांधलेला राहू शकत होता. गिरमिट्याची पाच वर्षे संपली तरी बोटीचा प्रवास मधे उभा असे. महाड-पोलादपूरचा कौल फौजेकडे झुकला ह्यात आम्हांला नवल वाटत नाही. महाड तालुक्यातल्या एका गावाचे नावच फौजी आंबवडे असे पडले आहे, आणि पहिल्या महायुद्धात गावातून किती गेले, किती परतले नाहीत ह्याचा लेख तिथे दगडात कोरलेला आहे.

ह्या सगळ्याला जोडणारा दुवा आला तो १८८० मध्ये : टपालाची मनीऑर्डर. त्याआधी पैसे पाठवायचे ते गावाकडे निघालेल्या माणसाच्या हाती, किंवा सावकारामार्फत. मनीऑर्डरीने दोन चुलींमधले अंतर नियमित केले. तिच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. आपण पत्रवाङ्मयाचा इतिहास लिहितो तेव्हा त्या तुकड्यांचा विचार करीत नाही. पण कोकणातल्या कित्येक घरांत पुरुषाने बायकोला उद्देशून लिहिलेला मजकूर तेवढाच होता, आणि तोही पोस्टमनने सर्वांदेखत वाचून दाखवलेला.

फौजेनंतर गिरणी. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५० नंतरच्या दशकात उभी राहिली, आणि शतक संपेपर्यंत गिरणगाव ही कोकणाची एक वाडी होऊन बसली. कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जाणाऱ्या माणसाची राहण्याची व्यवस्था बहुधा तो निघण्यापूर्वीच ठरलेली असे : गावकऱ्यांनी मिळून घेतलेली एक खोली, तीत पंधरा-वीस ट्रंका, आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने पसरल्या जाणाऱ्या वळकट्या. जेवण खानावळीत. ह्या खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांवर स्वतंत्र लिहावयास हवे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते त्यांच्याच बळावर. तूर्त एवढेच, की खोलीचे भाडे डोक्यांवर विभागले जाई आणि खानावळीचा दर सर्वांना ठाऊक असे, म्हणून निघणाऱ्या पोराच्या बापाला गावात बसूनही मुंबईच्या खर्चाचा बराच अचूक अंदाज करता येई. आजच्या भाषेत ज्याला माहितीचे जाळे म्हणतात ते हेच.

मुंबईचा हा खर्च सरकारने प्रथम पद्धतशीर मोजला तो १९२१-२२ मध्ये. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने, फिंडले शिरस ह्यांच्या देखरेखीखाली, सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै. शेकडा ९७ कुटुंबे एका खोलीत राहणारी. आणि त्या अहवालातला पुढे सर्वत्र गाजलेला निष्कर्ष असा, की मुंबईच्या कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामांवरच्या कमाल शिध्याइतके भरते, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा कमी भरते. सरकारजवळ माणसाच्या जेवणाची मोजमापे होती ती दुष्काळपीडिताची आणि कैद्याची. कामगाराला तोलायला तिसरे माप नव्हते.

मग माणसे जात का राहिली? गावी ह्याहूनही कमी होते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. त्याच काळातला दुसरा एक आकडा पाहू. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू साडेसहाशेंच्या वर होते. आकडा भयंकर आहे, पण तो शब्दशः घेता येत नाही, हे त्या काळच्या जाणकारांनीही ओळखले होते. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणाला गावी जात; मूल जन्मे गावात, नोंद होई गावात, आणि काही महिन्यांचे मूल घेऊन आई मुंबईला परते. ते मूल खोलीत दगावले की मृत्यूची नोंद मुंबईत होई. जन्म एका जिल्ह्याच्या वहीत, मरण दुसऱ्या. जीवनाची गुणवत्ता मोजायला अर्भकमृत्यूपेक्षा सरळ माप नाही असे आपण मानतो, आणि तेच माप इथे दोन चुलींच्या मधे पडून निकामी झाले आहे. मुंबई वाईट होती ह्यात शंका नाही. किती वाईट, हे एकट्या मुंबईच्या वहीवरून सांगता येत नाही, एवढाच मुद्दा.

ह्यातून गावाच्या चुलीचे खरे काम उघड होते. पोरे तिथे जन्मली आणि तिथेच वाढली. गिरणीतल्या कोंड्याने छाती भरलेला माणूस मरायला तिथे आला. ह्या सर्वांचा खर्च गिरणीमालकाच्या वहीत नव्हता, कामगाराच्या जमाखर्चाच्या नोंदीत नव्हता, सरकारी अहवालात तर नव्हताच. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद मेयासू ह्यांनी १९७५ साली आफ्रिकेच्या अनुभवावरून हा सिद्धान्त मांडला, की स्थलांतरित मजुराची मजुरी कमी ठेवता येते, कारण त्याला वाढवण्याचा आणि म्हातारपणी पोसण्याचा भार गावातले कुटुंब उचलते. मेयासूंना पोलादपूर ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्यांचा सिद्धान्त तिथे न बदलता लागू पडतो. भार उचलणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच : चाकरमान्याची बायको. भात लावणारी तीच आणि गुरे पाहणारी, सासूसासऱ्यांचे करणारी, सावकाराला तोंड देणारीही तीच. शिमग्याला आणि गणपतीला येणारा नवरा हा तिच्या वर्षातला पाहुणा. निघण्यापूर्वी जी तुलना झाली तिच्यात तिच्या श्रमाला किंमत नव्हती. अण्णाभाऊ साठे ह्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत महाराष्ट्रभर गाजली. विरहाचे एवढे प्रभावी रूपक मराठीत क्वचितच झाले असेल. पण बोलतो तो मुंबईतला पुरुष, मैना बोलत नाही. ती काय बोलली असती ह्याचा अंदाज करायला मराठी आत्मकथनाला २००३ पर्यंत थांबावे लागले. ऊर्मिला पवार ह्यांच्या 'आयदान'मधली बांबूच्या टोपल्या विणत घर चालवणारी आई रत्नागिरीकडची आहे, पण तिच्या हाताला महाडची बाई ओळखेल.

इथवर आम्ही गावाची चूल ही सर्वांना सारखीच ऊब देणारी असल्याप्रमाणे लिहीत आलो. महाडच्या बाबतीत तसे लिहून पुढे जाता येत नाही.

महाड म्हटले की चवदार तळे आठवावे, हे स्वाभाविक आहे. पण तळ्याची कथा ही देशांतराचीही कथा आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. महाडजवळच्या गावात जन्मलेले गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ मध्ये निवृत्त झाले, 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराला प्रश्न विचारले. बाहेर पडलेल्या माणसाने परत येऊन गावाचा हिशेब मागण्याचा हा आरंभ. १८९० नंतरच्या दशकात महारांची फौजभरती बंद झाली, तेव्हा ह्या तालुक्यांतल्या किती तरी घरांची बाहेरची चूल एकदम विझली. पहिल्या महायुद्धात १११वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडण्यात आली. १९ मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेपुढे बोलताना आंबेडकरांनी ह्या फौजबंदीचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. त्याच भाषणात त्यांनी मृत जनावरांचे मांस सोडा, गावकीच्या हलक्या कामांवर विसंबू नका, शेतीसाठी जमिनी मिळवा असे सांगितले, आणि आपल्या मुलांनी आपल्यापेक्षा बरे जगावे अशी इच्छाच न धरणाऱ्या आईबापांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. राहणीमानाची तुलना म्हणतात ती हीच. फक्त तिची परिमाणे वेगळी आहेत.

ती परिमाणे कोणती? पाणी. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला जमलेले लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि त्यांना मार खावा लागला. डिसेंबरात सत्याग्रहासाठी आंबेडकर मुंबईहून निघाले ते बोटीने, दासगावच्या बंदरात उतरून महाडला पोचले. ज्या जलमार्गाने पिढ्यान्पिढ्या माणसे मुंबईला गेली त्याच मार्गाने उलटे. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. आजच्या तुलनेच्या कोष्टकात पाण्याचे कलम 'दरमहा पाणीपट्टी' असे असते. १९२७च्या महाडमध्ये तळ्याचे पाणी फुकट होते, आणि एका समाजाला कोणत्याही किमतीला मिळत नव्हते. अशा कलमाची बेरीज कशी मांडायची?

रामचंद्र बाबाजी मोरे हे ह्या परिषदेच्या संघटकांपैकी एक, पुढे कम्युनिस्ट चळवळीतले कार्यकर्ते. त्यांचे बालपण दासगावात गेले. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्या जरूर वाचाव्यात. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेल्याचा त्यांतला प्रसंग आमच्या विषयाला थेट भिडतो. शिष्यवृत्ती म्हणजे पैसा, तो होता. शाळा गावात होती. खर्चाच्या कोणत्याही गणिताने हा मुलगा महाडातच शिकावयास हवा होता. मात्र मुंबईला स्वर्ग मानण्याचेही कारण नाही. गिरणीत विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. आणि विणकामाला पगार अधिक होता. म्हणजे मुंबईच्या रकान्यातही विटाळाचे कलम रुपये-आण्यांत हजर होते. तरीही तिथे ते खात्यापुरते होते, गावात ते पाणवठ्यापासून मसणवट्यापर्यंत होते. एका घराला गावाची चूल म्हणजे आधार, शेजारच्या वाडीतल्या घराला तीच चूल म्हणजे ज्यातून सुटायचे ते बंधन. महाड-पोलादपूरचे देशांतर एकाच कारणाने समजावू पाहणारा इतिहास आम्हांला म्हणूनच पटत नाही.

समुद्रापलीकडची वाट मुख्यतः कोकणी मुसलमानांनी चोखाळली. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून केपटाऊनला पोचली. तिथे त्यांना आजही 'कोकनी' म्हणतात. १९१३च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेने नव्या हिंदी स्थलांतराचे दार जवळजवळ लावून घेतले, आणि पुष्कळ घरांत पुरुष केपला, बायको कोकणात हीच व्यवस्था कायम झाली. मग आखात. इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६०च्या आसपासपर्यंत कुवेत, बहारीन, दुबई ह्या भागांत रुपयाच चालत होता; १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार आणला, आणि १९६६च्या अवमूल्यनानंतर दुबईनेही रुपया सोडला. त्याआधी खलाशी म्हणून गेलेल्या कोकणी माणसाला आखाताचा पगार आणि गावचा खर्च ताडून पाहायला कोणताही गुणाकार करावा लागत नव्हता. दोन चुली, एक नाणे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, माणसे हजारोंनी गेली, आणि त्यांच्याबरोबर गावागावांत विनिमयदराचा गुणाकार आला.

ह्या गुणाकाराविषयी अर्थशास्त्रज्ञ सावध करतात. दिरहॅमला रुपयांनी गुणू नका, म्हणतात; तिथे किती वस्तू येतात ते पाहा, क्रयशक्ती पाहा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे, आणि जो कुटुंबासह टोरांटोला चालला आहे त्याच्यासाठी योग्यही आहे. पण जो दुबईत कंपनीच्या खोलीत सहा जणांबरोबर राहतो, मेसमध्ये जेवतो आणि पगाराचा मोठा भाग महाडला धाडतो, त्याच्या बाबतीत धाडलेल्या भागाला बाजारातला साधा विनिमयदरच लागू होतो. क्रयशक्ती पाहायची ती महाडच्या बाजारातली. तिथे खर्च केलेल्या भागाला तिथले भाव. गावातल्या निरक्षर आईने दिरहॅमला रुपयांनी गुणले तर ती चुकत नाही. ती आपल्या चुलीपुरते बरोबर असते.

आणि कुटुंब न नेण्याचा हा निर्णय नेहमी निर्णय असतो असेही नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०१९च्या नियमाप्रमाणे बायकोमुलांना आणायचे तर महिना ४,००० दिरहॅम पगार हवा, अथवा ३,००० आणि राहण्याची सोय. त्याखालच्या पगाराला एकटे राहणे कायद्यानेच ठरवून दिले आहे. १९२१च्या मुंबईत जे काम एका खोलीने केले, केपमध्ये १९१३च्या कायद्याने केले, तेच इथे एका आकड्याने केले. आपल्या बाजूनेही एक गाळणी आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर, आखातासह काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी परवानगी घेण्याची अट पडते. दहावीची परीक्षा ही महाडच्या कित्येक घरांत म्हणूनच शिक्षणापेक्षा प्रवासाची बाब होऊन बसते.

दरम्यान गाव जवळ आले. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. ती महाड शहराला बगल देऊन वीरवरून जाते, आणि पोलादपूरला तर शिवतही नाही. महाडला औद्योगिक वसाहत झाली, रसायनांचे कारखाने आले, तिथे काम करायला परप्रांतांतून माणसे येतात आणि महाडची माणसे पनवेल, मुंबई, दोहा इथे जातात. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, रायगडमध्ये ९५९. ह्यावरून रायगडातून पुरुष जात नाहीत असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. पनवेल-उरणकडे येणारे पुरुष आणि दक्षिणेकडच्या डोंगरातून जाणारे पुरुष एकाच सरासरीत मिसळून दिसेनासे झाले आहेत.

गावाच्या चुलीचे एक काम अजून सांगावयाचे राहिले. ती परतण्याची जागा होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत शहराची जवळपास निम्मी वस्ती निघून गेली. त्यातला मोठा लोंढा कोकणाकडे होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांपैकी कित्येकांनी गावची वाट धरली. संप इतका लांबू शकला ह्याचे एक कारण गावातले भात होते, असे आम्हांला वाटते. जयंत पवारांच्या 'अधांतर'मधले कुटुंब ज्या कोंडीत सापडते, तिच्यात गावाचा हा आधारही उरलेला नाही. राहणीमानाच्या तुलनेत विम्याच्या हप्त्याला एक ओळ असते. घर राखणे, दर वर्षी कौले फेरणे, भावकीच्या लग्नाला येणे, गणपती चुकू न देणे हे सारे ह्या विम्याचे हप्ते होते, आणि ते नियमित भरले जात होते.

हा विमा २०२० मध्ये वटवायची वेळ आली. टाळेबंदीत मुंबई-गोवा महामार्गाने माणसे चालत निघाली. महाड, पोलादपूर, कशेडी घाट, पुढे खेड. काही गावांनी वेशीवर आडवे बांबू बांधले होते. चाकरमान्याने यावे की न यावे, आल्यास शाळेत किती दिवस राहावे, ह्यावर सख्ख्या भावांत वाद झाले. त्या वर्षी गणपतीसाठी गावी येणाऱ्याने चौदा दिवस वेगळे राहावे की दहा, हे ठरवायला राज्य सरकारला आदेश काढावा लागला. दहा ठरले, आणि त्यासाठी १२ ऑगस्टपूर्वी गावात पोचणे भाग होते.